लेकीचे चित्र

स्पेनचा दरबारी चित्रकार व्हेलास्केझ याने राजकन्या मार्गारिता तेरेसा हिची जी चित्रे काढली, त्यांपैकी तीन आज व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहेत. एकात ती गुलाबी झग्यात आहे, दुसऱ्यात पांढऱ्या, तिसऱ्यात निळ्या. साले अनुक्रमे १६५३, १६५६ आणि १६५९. म्हणजे वये सुमारे दोन, पाच आणि आठ. माद्रिदच्या राजवाड्यातील मुलीची चित्रे व्हिएन्नात कशी गेली, या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. ती तिकडे मुद्दाम पाठवली गेली. जिच्याशी पुढे विवाह व्हायचा ती मुलगी कशी वाढते आहे, हे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला कळत राहावे म्हणून. वर होता लिओपोल्ड, तिच्या आईचा सख्खा भाऊ. मामाशी लग्न ही गोष्ट युरोपीय वाचकाला चमत्कारिक वाटत असेल; मराठवाड्यातील वाचकाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १६६६ मध्ये, पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले, चार मुलांना तिने जन्म दिला आणि १६७३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी ती गेली.

चित्रकलेच्या इतिहासात या तीन चित्रांबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा व्हेलास्केझच्या कुंचल्याबद्दल असते. चांदीच्या जरीचा भास तो केवळ चार फटकाऱ्यांनी कसा करतो, जवळून पाहिले तर नुसते रंगाचे डाग कसे दिसतात, इत्यादी. हे सारे खरेच आहे. परंतु मराठी वाचक या चित्रांसमोर उभा राहिला (आपल्यापैकी बहुतेकांना ते छापील प्रतींतूनच शक्य आहे) तर त्याला आधी जाणवते ती निराळी गोष्ट. ही स्थळाकडे पाठवलेली चित्रे आहेत. आपल्याकडे आजही लग्नाच्या बायोडाट्याला जोडण्यासाठी मुलीला तालुक्याच्या स्टुडिओत नेऊन, साडी नेसवून, हात विशिष्ट तऱ्हेने ठेवायला सांगून जो फोटो काढला जातो, त्याचे आणि निळ्या झग्यातील मार्गारिताचे गोत्र एक आहे. एकदा हे ध्यानात आले की तिच्या चेहऱ्यावरचा तो किंचित कंटाळा निव्वळ बालसुलभ वाटेनासा होतो.

युरोपीय कलेतील मुलींच्या चित्रांचा हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे नाव नसलेल्या मुली. व्हर्मीअरची मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी (सुमारे १६६५) ही सर्वांत प्रसिद्ध. ती कोण होती हा प्रश्नच चित्राच्या हेतूबाहेरचा होता, कारण त्या काळच्या डच परंपरेत व्यक्तीचे नव्हे, तर नुसत्या मुद्रेचे, पेहरावाचे चित्र काढण्याची रीत होती. दगाने १८८१ मध्ये प्रदर्शनात मांडलेली चौदा वर्षांची मेणाची नर्तकी हिला मात्र नाव आहे: मारी व्हान ग्योथेम. पॅरिसच्या ऑपेरात नाचणारी ही गरीब घरातली मुलगी. दुसऱ्याच वर्षी तिला ऑपेरातून काढून टाकण्यात आले आणि त्यानंतर ती इतिहासातून जवळजवळ नाहीशीच झाली. तिच्या पुतळ्याच्या ब्राँझ प्रती मात्र जगभरच्या संग्रहालयांत उभ्या आहेत. आणि तिसरा प्रकार म्हणजे चित्रकाराची स्वतःची मुलगी. प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा प्रकार आहे. कारण महाराष्ट्रातील मुलीच्या चित्राची वाट प्रामुख्याने त्याच दाराने उघडली, असे मला वाटते.

त्याआधी ते दार बंद का होते, हे पाहिले पाहिजे. ‘आपल्याकडे व्यक्तिचित्रणाची परंपराच नव्हती’ हे नेहमीचे उत्तर येथे पुरत नाही. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९० नंतरच्या काही वर्षांत पुण्यात राहून सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली. तरुण पेशव्याचे रूप आपल्याला ठाऊक आहे ते त्यामुळेच. म्हणजे चित्रकार होता, रंग होते, आश्रयदातेही होते. नव्हती ती मुलगी. पेशव्याचा विवाह तो अवघा नऊ वर्षांचा असताना, १७८३ मध्ये झाला. त्याच्या त्या बालवधूला वेल्ससमोर बसवावे असे कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही. व्यक्तिचित्रासाठी व्यक्तीला काही काळ ‘ती’ म्हणून असावे लागते. आठव्या-दहाव्या वर्षी जी सून होते तिच्या आयुष्यात मुलगीपणाचा असा किती काळ उरतो?

या दृष्टीने आपल्या साहित्याकडे पाहिले तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. १८७३ मध्ये रमाबाई रानड्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १८८० मध्ये लक्ष्मीबाई टिळकांचे झाले, तेव्हा त्याही साधारण तेवढ्याच. माहेरी एक यमुना होती, दुसरी मनू. लग्नात दोघींची नावे बदलली. त्या वयातील त्यांचे रंगीत चित्र कोणी काढले नाही. परंतु ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून) या पुस्तकांत ती यमुना आणि ती मनू जशीच्या तशी उभी आहे: भेदरलेली, खोडकर, सोवळ्याओवळ्याच्या कचाट्यात सापडलेली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० च्या सुमारास ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहायला घेतली, तीही एका यमूच्याच तोंडून. मराठीत मुलीचे पहिले खरे व्यक्तिचित्र रंगांत नाही, शब्दांत आहे. आणि त्यातले उत्तम भाग त्या मुलीने पुढे, बाई झाल्यावर, मागे वळून स्वतःच काढलेले आहेत. लक्ष्मीबाईंनी पुस्तकाच्या नावात ‘चित्र’ हा शब्द ठेवला, याकडे वर्गात शिकवताना आपण फारसे लक्ष देत नाही. द्यायला हवे.

आता रंगांकडे वळू. मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून चित्रशाळा सुरू झाली आणि तेथे युरोपीय पद्धतीचे, समोर पाहून काढण्याचे शिक्षण मिळू लागले. ‘समोर पाहून’ या दोन शब्दांतच अडचण होती. समोर कोण बसणार? पुरुष मॉडेल मिळत. साधू, भिकारी, शिपाई यांची चित्रे त्या काळातील विद्यार्थ्यांच्या कामात ठायी ठायी आहेत. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातील स्त्री मात्र परक्या पुरुषापुढे तासन्‌तास बसणे केवळ अशक्य. विवस्त्र मॉडेल समोर ठेवून अभ्यास करण्याचा वर्ग तर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९ मध्ये सुरू झाला.

आणि तरीही या शाळेच्या पहिल्या मोठ्या यशाचे रूप तरुण मुलीचेच आहे. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे या विशीच्या आसपासच्या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हा पूर्णाकृती पुतळा घडवला. नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली मुलगी. बर्डवूडसारख्या इंग्रज जाणकाराने त्याची स्तुती केली. दूर बंगालमध्ये रवींद्रनाथांनी १८९८ मध्ये त्यावर लेख लिहिला. सारी चर्चा झाली ती या कृतीत ग्रीक किती आणि भारतीय किती, याची. मला हा पुतळा सुंदर वाटतो, पण त्याच्यासमोर थोडे अवघडल्यासारखेही होते. चुणीदार वस्त्र, किंचित झुकलेली मान, पायांची ठेवण हे सगळे इतके निर्दोष आहे की ती मुलगी कोणाची लेक आहे असे वाटतच नाही. ती ‘मराठी तरुणी’ आहे, एक आदर्श. व्हर्मीअरच्या मुलीच्या नुसत्या मुद्रेतही कोणीतरी आपल्याकडे वळून पाहते. इथे कोणी पाहत नाही, नजर खाली आहे.

म्हात्र्यांचेच समकालीन महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्याकडे आले की हवा बदलते. कोल्हापूरचा हा पाठारे प्रभू तरुण १८९० मध्ये चित्रशाळेत आला आणि विद्यार्थी, मग शिक्षक म्हणून १९३१ पर्यंत तेथेच राहिला. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मकथनाचे नावच तो हिशेब सांगते. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यांनी हजारोंनी चित्रे, पोस्टकार्डे, पुस्तकांतील प्रसंगचित्रे काढली. किंकेड यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या (१९१४) त्यांची चित्रे धुरंधरांची. ऑटो रॉथफेल्डच्या हिंदी स्त्रियांवरील पुस्तकाची (१९२०) चित्रेही त्यांचीच. या दुसऱ्या पुस्तकात स्त्रिया जातींप्रमाणे, प्रांतांप्रमाणे मांडलेल्या आहेत आणि ती दृष्टी साम्राज्याच्या खानेसुमारीची आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु धुरंधरांची रेषा त्या चौकटीत पुरती मावत नाही. पदर सावरणारी, चालता चालता मागे पाहणारी, बाजारात भाव करणारी बाई त्यांनी पाहिलेली असते.

त्यांच्या घरी १९१२ मध्ये अंबिका जन्मली. येथे आपण ज्याची वाट पाहत होतो ते घडते. ही मुलगी रंगांच्या वासात वाढली, वडिलांच्या हाताखाली शिकली, आणि चित्रशाळेत दाखल होऊन १९३१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी वडिलांची एकेचाळीस वर्षे संपली त्याच वर्षी, तिने पदविका मिळवली. ती पदविका घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या मुलींपैकी ती एक. साले जुळवून पाहण्यासारखी आहेत. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली तेव्हा पुण्यात केवढे रण माजले होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. या अडतीस वर्षांत, आणि मुलींच्या शाळांमुळे, कागदावर का होईना, मुलगीपणाची काही वर्षे मोकळी झाली. पांढरपेशा घरांतून ती आधी मोकळी झाली, हेही सांगितले पाहिजे. अंबिकाबाई त्या मोकळ्या झालेल्या वर्षांच्या चित्रकार होत्या. पुढे दीर्घ आयुष्यभर त्यांनी वडिलांचे काम जपले. २००९ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्या गेल्या. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘माझी स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचा शब्द अशा रीतीने एका खऱ्याखुऱ्या चित्रकर्तीच्या हाती आला, आणि आपल्या अभ्यासक्रमांना त्याचा पत्ताही नाही.

अर्थात, लेकीचे चित्र म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे येते ते दुसरेच. हातात पेटता दिवा, दुसऱ्या हाताच्या तळव्याचा आडोसा, बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड आणि मागे भिंतीवर पडलेली सावली. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहालयात हे चित्र आहे. कॅलेंडरांवर, अगरबत्तीच्या जाहिरातींत, घराघरांतील चौकटींत त्याच्या असंख्य प्रती झाल्या. वर्गात ते दाखवले की हमखास उत्तर येते, ‘रविवर्मा’. रविवर्मा १९०६ मध्ये गेले होते. चित्राचे साल १९४५-४६ असे दिले जाते. काढणारे होते सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८), मूळचे सावंतवाडीचे, मुंबईत १९०८ पासून स्वतःची चित्रसंस्था चालवणारे. आणि दिवा धरून उभी होती ती त्यांची मुलगी, गीता.

हे चित्र जलरंगात आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. तैलरंगात अंधारावर उजेड चढवता येतो. जलरंगात तसे नाही. तेथे उजेड म्हणजे कागदाचा राखून ठेवलेला पांढरेपणा, आणि एकदा तो गेला की परत आणणे फार कठीण. बोटांच्या कडांवरील ती रक्तिम पारदर्शकता म्हणजे आधीपासून जपत आणलेली जागा आहे. सतराव्या शतकात फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याने ‘सुतार संत जोसेफ’ या चित्रात मेणबत्तीला हाताचा आडोसा धरणाऱ्या बालयेशूची बोटे अशीच आरपार उजळलेली दाखवली आहेत. दोघांची युक्ती सारखी, भाव निराळा. ला तूरचे बालक उजेड दुसऱ्यासाठी धरते, म्हाताऱ्या बापाला काम दिसावे म्हणून. हळदणकरांची लेक दिवा जपते आहे, इतकेच. कोणासाठी, ते चित्राबाहेर आहे.

गीताबाई (लग्नानंतरच्या उपळेकर) २ ऑक्टोबर २०१८ रोजी कोल्हापुरात निवर्तल्या, तेव्हा त्या १०२ वर्षांच्या होत्या. गणित केले तर चित्राच्या वेळी त्या तिशीला टेकलेल्या होत्या असे निघते. तरी पाहणाऱ्याला ती ‘मुलगी’च वाटते, आणि ते चुकीचे नाही. पाहणारा बाप आहे. लेक तिशीची असो वा बाराची, त्या नजरेत ती मुलगीच असते, आणि चित्राने ती नजर जपली. मात्र प्रती छापणाऱ्यांनी नजर घेतली आणि नावे टाकून दिली. बापाच्या जागी रविवर्मा बसवला, लेकीच्या जागी ‘दिवा घेतलेली स्त्री’. मृत्यूच्या बातमीने तिचे नाव अनेकांना पहिल्यांदा कळले. दगाच्या नर्तकीपेक्षा हे बरे म्हणायचे.

मुलीचे चित्र काढणाऱ्या बापांमध्ये इंग्लंडचा गेन्झबरो मला सर्वांत जवळचा वाटतो. मेरी आणि मार्गारेट या आपल्या दोन मुलींना त्याने पुन्हा पुन्हा रंगवले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील, सुमारे १७५६ च्या चित्रात दोघी हातात हात घालून एका पांढऱ्या फुलपाखरामागे धावताहेत. ते बसले आहे काटेरी झुडपावर. पैसेवाल्या गिऱ्हाइकांच्या मुलींना रेशमात बसवणारा हा चित्रकार स्वतःच्या मुलींचे चित्र कित्येकदा अर्धवट सोडून देतो, आणि तेच अधिक जिवंत वाटते. १७६४ च्या एका पत्रात तो लिहितो की या दोघींना मी निसर्गचित्रण शिकवतो आहे, म्हणजे वेळ पडल्यास त्या स्वतःची भाकरी कमावतील. तसे घडले नाही. मेरीचे लग्न लवकरच मोडले, पुढे तिचे मन बिघडले आणि धाकटीने तिला सांभाळले. गेन्झबरोच्या घरी जे साधले नाही ते धुरंधरांच्या घरी साधले, असे म्हणताना या दोन काळांमधील दीडशे वर्षे विसरता येत नाहीत. पण बापाची इच्छा एकच होती.

मुंबईत असे आणखी एक घर होते. गोव्यातील सांगे येथे जन्मलेले आंतोनिओ शाविएर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांनी पत्नीला आणि घरच्या माणसांना समोर बसवून जी तैलचित्रे काढली, त्यांत पोर्तुगीज वळणाचा घरगुतीपणा आहे. त्यांची कन्या अँजेला (१९०९–१९८०) हीदेखील चित्रशाळेत शिकली, आणि वडिलांच्या वास्तववादातून बाहेर पडून तिने मरियमेला भारतीय वेशात आणले, पुढे अमूर्ताकडे गेली. बापलेकींचा हा संग्रह पणजीच्या फोंतैन्यस भागात पाहता येतो.

युरोपातही बहुतेक जुन्या चित्रकर्त्या चित्रकारांच्याच मुली आहेत, कारण बाहेरची कार्यशाळा त्यांना बंद होती. जी याला अपवाद आहे ती सोफोनिस्बा अँग्विसोला म्हणून अधिक महत्त्वाची. तिचा बाप चित्रकार नव्हता. १५५५ मध्ये तिने आपल्या तीन बहिणींचे बुद्धिबळ खेळतानाचे चित्र काढले. एक जिंकल्यासारखी आपल्याकडे पाहते, दुसरी हात उंचावून काहीतरी म्हणते आहे, आणि सर्वांत धाकटी खुदकन हसते आहे. कोणीही कोणाच्या पसंतीसाठी बसलेली नाही. बापाच्या नजरेत माया असते, पण बहिणीच्या नजरेत खोडी असते; ती मराठी चित्रकलेत मला क्वचितच दिसली.

त्या अर्थाने आपल्या जवळ येणारी चित्रकर्ती मराठी नाही. अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ (१९३५) या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्याआधी १९३६ मध्ये मुंबईतील प्रदर्शनानंतर ती अजिंठ्याला गेली होती. तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होता आणि आमचे बीडही. लेण्यांतील स्त्रियांची सावळी, जड, शांत शरीरे तिने पाहिली आणि तिचे चित्रण बदलले, हे सर्वश्रुत आहे. ज्या प्रदेशाने तिला हे दिले तेथे मात्र चित्रशाळा नव्हती, सुवर्णपदके नव्हती. मराठवाड्यात माणसाचे चित्र घरात आले ते तालुक्याच्या फोटो स्टुडिओतून, आणि पुष्कळ उशिरा.

सिरसाळ्यासारख्या गावातील जुन्या घरांच्या भिंती या दृष्टीने वाचण्यासारख्या असतात. हार घातलेले आजोबा, फेट्यातले चुलते, शाळेच्या गणवेशातला मुलगा. मुलगी भिंतीवर येते ती बहुधा लग्नाच्या फोटोत, नवऱ्याशेजारी, मुंडावळ्यांसह. त्याआधीची तिची वर्षे भिंतीवर नसतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत तर ती कशावरच नसतात. मुलगी पाठीमागे एकटी नको म्हणून कोयता उचलण्याआधी तिचे लग्न उरकले जाते, आणि अठराचा कायदा कागदावर राहतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. आता हाताहातांत मोबाइल आहे आणि मुलींचे फोटो पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक निघतात, मुली ते स्वतः स्वतःचे काढतात. त्याकडे नुसते नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

शेरगिलच्या त्या तीन मुली काहीच करत नाहीत. शेजारी शेजारी बसल्या आहेत, नजरा खाली, पदर डोक्यावर. मागे भिंत नाही, दार नाही, घर कोणाचे ते कळत नाही. मार्गारिताप्रमाणे याही कशाची तरी वाट पाहत आहेत, पण यांचे चित्र कोणत्या स्थळाकडे पाठवायचे नव्हते. मधलीने हिरवे नेसले आहे की कडेच्या मुलीने, हे पुस्तकातल्या फिकट छपाईत नीट कळत नाही. चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.